मरियाबाईंच्या सहीचा मासा

भिंगारमध्ये मरियाबाई उजागऱ्यांचं घर विचारलं, तर लोक उलट विचारतात, "मासेवाल्या मरियाबाई का?" या नावामुळे वर्षातून एकदा तरी घोटाळा होतोच. पावसाळ्याच्या तोंडावर कुणीतरी नवखा माणूस कापडी पिशवी घेऊन दारात येतो आणि सुके बोंबील आहेत का म्हणून विचारतो. अशा माणसाला मरियाबाई आत बोलावतात, पंखा लावतात, पाणी देतात आणि हॉलमधल्या काचेच्या टाक्यांपुढे उभं करून सांगतात, "हे आमचे मासे. यांना खायचं नाही, यांना खायला घालायचं." पाहुणा अर्धा तास अडकतो. जाताना पिशवी रिकामीच असते, पण आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवराची इतकी माहिती डोक्यात घेऊन जातो की घरी गेल्यावर बायकोला ती सांगायची कशी, हा प्रश्न त्याला पडत असावा.

घरात नऊ टाक्या आहेत. हॉलमध्ये पाच, पूर्वी लेकीची असलेल्या खोलीत तीन, आणि स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी एक लहानशी. प्रत्येक टाकीवर सुतळीने एक जाड कार्ड लटकवलेलं. त्यावर माशाची जात, तो कुठून आला, कधी आला, आईबाप कोणत्या टाकीतले, हे सगळं निळ्या शाईत, आणि खाली पूर्ण नावाची सही. ही सवय नोकरीतली. बाई तेहतीस वर्षं लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होत्या. तिथे मालाच्या प्रत्येक कप्प्याला, इंग्रजीत 'बिन'ला, असं एक कार्ड असतं, त्याला बिनकार्ड म्हणतात. मोठमोठे अधिकारी घाईघाईने यायचे, अमुक पार्ट आत्ताच्या आत्ता हवाय म्हणायचे, आणि मरियाबाई शांतपणे चष्मा नाकावर सरकवून म्हणायच्या, "साहेब, कार्ड नाही तर वस्तू नाही." एका कर्नलला त्यांनी याच वाक्यावर पाऊण तास उभं केलं होतं. त्याने जाताना सलाम ठोकला, असं त्या सांगतात. रॉबिनसर, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणतात की तो कपाळावरची माशी हाकलत होता.

मासे त्यांच्याकडे आले ते एका बदलीमुळे. तेरा-चौदा वर्षांपूर्वी एका मेजरची बदली थेट सीमेवर झाली. चार फुटांची टाकी आणि सहा मासे नेणार कुठे? ज्याच्यावर विश्वास टाकावा असं माणूस त्याला डेपोत एकच दिसलं. बाईंना तोवर मासा म्हटलं की नाताळातलं कालवण एवढंच ठाऊक होतं. टेम्पोतून टाकी घरी आली तेव्हा सगळी आळी बघायला जमली आणि एकजात सगळ्यांनी सांगितलं, की भिंगारच्या पाण्यात हे आठवडाभरही टिकायचे नाहीत.

त्यांचंही चुकत नव्हतं. या भागातलं बोअरचं पाणी म्हणजे नुसतं क्षारांचं. बादलीला पांढरा थर, गिझरची कॉइल वर्षात गेलीच समजा, आणि तूरडाळ शिजायला घ्यावी तर कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता माणूस शिजतो. शेजारच्यांचे शोभेचे मासे या पाण्यात पटापट गेले होते. पण मेजरचे मासे आफ्रिकन सिक्लिड होते. त्यांच्या मूळ सरोवराचं पाणी असंच, जड. आठवडा गेला, महिना गेला, आणि मासे असे काही खुलले, की निळा नर टाकीत फिरू लागला की मागची भिंत फिकी दिसावी. ज्या पाण्याला जन्मभर शिव्या दिल्या, ते कुणालातरी इतकं मानवतंय, हे पाहून मरियाबाईंना फार अभिमान वाटला. आपल्या गावाच्या पाण्याची कुणीतरी पहिल्यांदाच बाजू घेतली, असंच त्यांना वाटलं.

दुकानदार या जातीला पीकॉक म्हणतात. मरियाबाई म्हणतात मोर. नावाप्रमाणेच यातला फक्त नर देखणा. कुठला निळाशार, कुठला हळदीसारखा पिवळा. माद्या मात्र सगळ्या राखाडी, अंगावर पुसट पट्टे. निळ्याची मादी आणि पिवळ्याची मादी शेजारी ठेवल्या तर भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचं सगळं रामायण हिच्यातूनच झालं.

पहिल्या वर्षी एका निळ्या मादीने अचानक खाणं सोडलं. गाल फुगले, हनुवटी खाली आली. रॉबिनसरांनी टाकीला नाक लावून निदान केलं, "गालगुंड झालंय." ते शाळेत पी.टी. शिकवायचे, आणि पोरांच्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे निदान तयार असायचं. मरियाबाई मात्र रोज डेपोतून आल्या की त्या मादीपुढे स्टूल टाकून बसायच्या. एकविसाव्या दिवशी तिने तोंड उघडलं आणि आतून तांदळाएवढी पिल्लं एकेक करून बाहेर आली. बाई स्टुलावरून उठल्या त्या सरळ दाराबाहेर गेल्या आणि सगळ्या आळीला हाक मारून आल्या. तीन आठवडे उपाशी राहून पोरं तोंडात सांभाळणारी ही आई त्यांना जी आवडली, ती कायमची.

पुढच्या वर्षांत त्यांचं नाव झालं. श्रीगोंद्याचे डॉक्टर, नगरच्या कापडबाजारातले एक व्यापारी, दौंडकडचे रेल्वेतले लोक, सगळे भिंगारला येऊ लागले. कारण सोपं होतं. बाजारात हे मासे वाटेल तसे मिसळलेले मिळतात. एका टाकीत दहा जाती, कोण कुणाचं कुणाला पत्ता नाही. मरियाबाईंकडचं पिल्लू मात्र कार्डासह मिळायचं. "भिंगारचा मासा आहे" म्हटलं की कुणी पुढे काही विचारायचं नाही. त्या शब्दाची बाईंना किती गोडी लागली होती, हे त्यांनाही कळलं नव्हतं.

आता तो नाताळ.

सणाला चार दिवस उरले होते. आपल्याकडे ख्रिस्ती घरांतून केकचं मिश्रण घरी कालवतात आणि डबे घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावतात. डबे सगळ्यांचे सारखेच, म्हणून प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी. मरियाबाई सहा डब्यांवर सहा ठळक चिठ्ठ्या लावून रांगेत उभ्या होत्या आणि पुढच्या बाईची चिठ्ठी नीट चिकटली नाही म्हणून तिला सुनावतही होत्या. त्याच वेळी घरी सणाचा रंग द्यायला आलेल्या रंगाऱ्याच्या लाकडी घोड्याचा, म्हणजे शिडीचा, पाय पिवळ्या मोरांच्या टाकीला लागला. काचेला तडा गेला. पाणी धो धो हॉलमध्ये. रॉबिनसरांनी गळ्यातल्या जुन्या शिट्टीला स्मरून काम फत्ते केलं. पिवळा नर बादलीत टाकला, पाचही माद्या जाळीने धरल्या आणि हाताशी होती त्या टाकीत सोडून दिल्या. हाताशी होती ती निळ्यांची टाकी.

मरियाबाई केकचे डबे घेऊन दारात आल्या तेव्हा सर गुडघ्यापर्यंत भिजलेले होते आणि चेहऱ्यावर विजयोत्सव होता. "एकही मासा मेला नाही," ते म्हणाले.

बाईंनी टाकीत पाहिलं. सात राखाडी माद्या होत्या तिथे बारा झाल्या होत्या. दारात पाहुणे, हॉलमध्ये पाणी, रंगारी रडकुंडीला आलेला. त्यांनी जाळी उचलली. ही पिवळ्याची. ही निळ्याची. ही पिवळ्याची. पाच माद्या त्यांनी नजरेने ओळखून दुसऱ्या टाकीत हलवल्या.

"खात्री आहे?" सरांनी विचारलं.

"अहो, अकरा वर्षं बघतेय मी यांना," बाई म्हणाल्या. "माझी नजर चुकायची नाही."

पिवळ्यांचं जुनं कार्ड पाण्यात विरघळून गेलं होतं. त्यांनी नवं लिहिलं, आणि झाल्या प्रकाराचा त्यावर एक शब्दही लिहिला नाही. कर्नलला पाऊण तास उभं करणाऱ्या बाईंनी स्वतःला मात्र कार्डाशिवाय जाऊ दिलं. चूक म्हणायची तर ती इथे झाली, टाकी फुटली तेव्हा नाही.

मार्चात निळ्यांच्या टाकीतली पिल्लं चार घरी गेली. सगळ्यांत मोठी बारा पिल्लांची तुकडी काष्टीच्या सहादेवने नेली. सहादेवचं तिथे ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. हाताला ग्रीस, तोंडात शिव्या, पण गॅरेजच्या एका कोपऱ्यात पाच फुटांची टाकी अशी लख्ख ठेवलेली, की ट्रॅक्टरवाल्याने तिथे थुंकायची हिंमत करू नये. लहान वयात नराला रंग नसतो, तो सात-आठ महिन्यांनी येतो. तोवर थांबायचं.

दिवाळीच्या आसपास त्याचा फोन आला. "ताई, फोटू धाडलाय, बघा. लई भारी रंग आलाय! असला मोर अख्ख्या जिल्ह्यात कुनाकडं न्हाई!"

मरियाबाईंनी फोटो उघडला. निळ्या अंगावर हळदीचे शिंतोडे. शेपटी निम्मी पिवळी. निळ्या मोराच्या अंगावर पिवळं येतं ते एकाच कारणाने, आई पिवळ्याची असेल तर. म्हणजे त्या दिवशी जाळीतून सुटलेली किमान एक मादी चुकीच्या टाकीत राहिली होती, आणि तिची पोरं मरियाबाईंच्या सहीने अस्सल निळे म्हणून चार घरी गेली होती.

त्यांनी फोन सरांपुढे धरला. सर जवळ येऊन म्हणाले, "माझ्यामुळे झालं. मी त्या टाकीत सोडायला नको होतं."

"तुम्ही जीव वाचवलेत," बाई म्हणाल्या. "नजर माझी चुकली. आणि मी लिहिलं नाही."

त्या आठवड्यात पुण्याच्या धवलचाही फोन आला. धवलचं तिकडे माशांचं दुकान. सहादेवचा फोटो फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोहोचला होता. "काकू, कसली जबरदस्त लाईन, नवी जातच काढलीत! मला जोड्या द्या. आपण नवं नाव देऊ. लोक तुटून पडतील."

"ती लाईन नाही, मिसळ आहे," मरियाबाई म्हणाल्या.

"असू दे ना. कोण विचारायला येणार आहे?"

"अरे, विचारायचं झालं की सगळे मलाच विचारायला येतात," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. सांगताना अजूनही त्यांची मान जरा ताठ होते.

मग बाईंनी काम हाती घेतलं. चौघांनाही फोन करून सांगितलं, मासे मिश्र निघालेत, परत घेते. तिघांनी मुकाट्याने आणून दिले. कापडबाजारातले शेठजी तर म्हणाले, "मला काही फरक दिसत नाही हो," पण बाईंच्या आवाजाला घाबरून तेही आले. राहिला सहादेव. तो काही आलाच नाही. शेवटी मरियाबाई झाकणाची बादली आणि बॅटरीचा पंप घेऊन दौंडच्या एसटीत बसल्या आणि काष्टीला उतरल्या.

नेमका आठवडे बाजाराचा दिवस. जनावरांच्या बाजाराला आलेली माणसं गॅरेजच्या सावलीला टेकलेली. मरियाबाईंनी बादली खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "सहादेव, मासे परत दे. अस्सल म्हणून दिले, ते अस्सल नाहीत. माझी चूक झाली."

सहादेव टाकीच्या आडवा उभा राहिला. "मी न्हाई द्यायचा, ताई. बोटाएवढी हुती तवापास्नं वाढिवल्यात. माझी पोरगी पूजा एकेकाला नावानं हाक मारती. मिसळ असंना का, मला चालत्यात."

"तुला चालतील रे. पण यांची पुढे पिल्लं होतील, तू कुणाला देशील, आणि ती माझ्या नावावर फिरतील."

"न्हाई देनार कुनाला. शप्पथ."

"मी शपथेवर वस्तू सोडत नाही," मरियाबाई म्हणाल्या.

बाजाराला आलेले आबासाहेब नावाचे एक म्हातारे शेतकरी इतका वेळ तंबाखू मळत ऐकत होते. त्यांना गंमत वाटली. "अवो बाई, तिकडं बाजारात आत्ता माझ्यासंगट दलाल बैलाचं वय तीन वर्सानं कमी सांगून गेला. अन् तुमी यष्टीचं तिकीट काढून सवताची खोट सांगाय आला व्हय?"

लोक हसले. मरियाबाईंना ते हसणं झोंबलं. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणीही आलं असतं, पण त्यांनी येऊ दिलं नाही. सहादेवचा हात कोपऱ्यातल्या टाकीवरून हलत नव्हता, आणि त्या काचेमागे बारा मासे खरोखरच त्याच्या हाताच्या मागे मागे फिरत होते. ते पाहिलं आणि बाईंना कळून चुकलं की हे मासे आता इथून हलायचे नाहीत, हलवूही नयेत. पण कार्ड तर हवंच.

"पुठ्ठा आहे का?" त्यांनी विचारलं.

सहादेवने ऑइल फिल्टरच्या खोक्याची एक बाजू फाडून दिली. मरियाबाईंनी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर तो पुठ्ठा ठेवून, सगळी माणसं बघत असताना, मोठ्या अक्षरांत लिहिलं: मिश्र जात. आई पिवळ्याची, बाप निळा. यांची पैदास करून देऊ-घेऊ नये. चूक माझी. खाली सही, मरिया रॉबिन उजागरे, भिंगार. आणि तारेने तो पुठ्ठा टाकीवर अडकवून टाकला.

आता कुणी हसलं नाही. आबासाहेबांनी उठून तो पुठ्ठा बोट लावून वाचला, आणि तंबाखू न खाताच डबी खिशात ठेवली.

रिकामी बादली घेऊन परतताना बाईंचा धीर सुटला. पुठ्ठ्याचा फोटो त्या दिवशीच मासेवाल्यांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. कुणी हसऱ्या चेहऱ्यांची रांग टाकली, कुणी लिहिलं, "भिंगारचं पाणी बिघडलं." हे वाक्य त्यांना फार लागलं. पुढचे कित्येक महिने एकही माणूस पिल्लं न्यायला आला नाही. नाव गेलं, असंच त्यांनी धरून चाललं. केव्हातरी त्या सरांना म्हणाल्या, "तेहतीस वर्षांत एक वॉशर चुकला नाही माझा." सरांनी काहीच विनोद केला नाही.

पण हात जोडून बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. संशयातली एकही मादी पैदाशीला वापरायची नाही, असं त्यांनी ठरवलं. बाराच्या बारा माद्या वेगळ्या टाकीत, वर कार्ड: जात अनिश्चित. मग निळी म्हणून खात्रीची मादी उरली किती? एकच. त्या नाताळात स्वयंपाकघरातल्या लहान टाकीत तोंडात अंडी धरून बसलेली म्हातारी. ती त्या गोंधळात हॉलमध्ये नव्हतीच. सर तिला काकू म्हणत. तिचं वय सहा वर्षं झालेलं, म्हणजे या माशांत आजीच. अकरा वर्षांची वंशावळ आता या एका काकूंवर टेकलेली होती.

काकूंनी चार महिने काही दाद दिली नाही. निळा नर पिसारा फुलवावा तसे पंख पसरून तिच्याभोवती नाचायचा आणि ती कोपऱ्यातल्या दगडामागे जाऊन बसायची. "तिचं संसारातून मन उडालंय," सर म्हणायचे. मार्च उजाडला, आणि एका सकाळी दाणे टाकले तर काकू वर आलीच नाही. मरियाबाईंनी चष्मा लावून पाहिलं. हनुवटी खाली आलेली, गाल फुगलेले.

त्यांनी कॅलेंडरवर खूण केली. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता, चाळीस दिवस त्या एक वेळच जेवत होत्या. "यंदा आम्ही दोघी," त्या म्हणाल्या. विसाव्या दिवसापर्यंत काकू इतकी वाळली की मणक्याची रेघ दिसू लागली, पण तोंड तिने घट्ट मिटलेलं ठेवलं. बाविसाव्या दिवशी अकरा पिल्लं बाहेर आली. मरियाबाई टाकीपुढे उभ्या राहून रडल्या, अगदी उघड, सरांसमोर. मग डोळे पुसून त्यांनी कार्ड लिहायला घेतलं.

त्या अकरांतलं एकही पिल्लू त्यांनी दिवाळीपर्यंत घराबाहेर काढलं नाही. एकेका नराला रंग चढेपर्यंत थांबल्या. पाच नर निघाले. पाचही निळेशार, हळदीचा एक ठिपका शोधून सापडू नये. त्या सगळ्यांना बघून त्यांना जो अभिमान वाटला, तो पहिल्या पिल्लांच्या वेळीही वाटला नव्हता. ते तेव्हा नशिबाने मिळालं होतं. हे त्यांनी मिळवलं होतं.

पहिले सहा मासे सहादेवचे, हे त्यांनी मनाशी ठरवलेलंच होतं. पुन्हा एसटी, पुन्हा झाकणाची बादली. गॅरेजमध्ये पाऊल टाकलं आणि त्या थबकल्या. जुन्या टाकीवर तो ऑइल फिल्टरचा पुठ्ठा अजून लटकत होता. सहादेवने त्याला लॅमिनेशन करून घेतलं होतं, चारी कोपऱ्यांना खिळे मारून लाकडी पट्टीवर बसवला होता. शेजारी नवी रिकामी टाकी पाणी भरून तयार होती.

मरियाबाईंनी नवे मासे त्या टाकीत सोडले. निळा नर एक गिरकी घेऊन काचेजवळ आला आणि सहादेवने डोक्यावरची टोपीच काढली. पण बाईंचं लक्ष त्या पुठ्ठ्याकडे होतं.

"सहादेव, आता तो काढ रे," त्या हळूच म्हणाल्या. "वर्ष झालं. येणारा-जाणारा वाचतो."

"वाचू द्या की," सहादेव म्हणाला. "गिऱ्हाईक इचारतं, भिंगारचा मासा अस्सल कशावरनं? मी काय बी बोलत न्हाई. नुस्ता त्यो पुठ्ठा दावतो. म्हनतो, जी बाई सवताची चूक सही करून टांगती, तिनं अस्सल म्हनलं की अस्सल. सा जनांनी तुमचा नंबर नेलाय, ताई. फोन येतील बघा."

मरियाबाईंनी पर्समधून कोरं कार्ड काढलं, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवलं आणि निळ्या शाईत लिहिलं: निळा मोर, अस्सल. आई काकू, भिंगार. खाली सही केली, पुठ्ठ्यावर केली होती तेवढीच मोठी.